एक भक्त, दोन संघ

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. हा येथे नाही तर तेथे जेवला असेल, असे दोन्ही घरची माणसे समजतात आणि पाहुणा मात्र रिकाम्या पोटी राहतो, असा तिचा भावार्थ. हीच म्हण पुष्कळदा खेळाच्या प्रेमालाही लावली जाते. ज्याचा आवडता संघ एक, तो खरा भक्त. ज्याचे आवडते संघ दोन किंवा तीन, त्याची भक्ती पातळ, असे अनेकांना मनापासून वाटते. शाळेच्या मैदानावर विद्यार्थ्यांत यावरून वाद होतात, आणि अशा वादात ‘तू नक्की कोणाचा?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. हॉकी या खेळाचा इतिहास जो थोडाफार वाचील, त्याला मात्र हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, असे आढळून येईल.

प्रथम आपल्या देशातीलच व्यवस्था पाहू. भारतात हॉकी वाढली ती मुख्यतः सैन्याच्या पलटणी, रेल्वे, पोलीस आणि मोठ्या कचेऱ्या यांच्या आश्रयाने. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत निरनिराळ्या प्रांतांच्या बरोबरीने सेनादल आणि रेल्वे यांचेही स्वतंत्र संघ उतरत आले. एकच खेळाडू जन्माने एका गावचा, नोकरीने दुसऱ्या संघाचा आणि ऑलिंपिकच्या वेळी साऱ्या देशाचा, अशी स्थिती सर्रास असे.

सुप्रसिद्ध गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांचेच उदाहरण घ्या. ते इंदूरजवळच्या महूचे. नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, आणि या पलटणीचे केंद्र बेळगावात. १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताचे गोल त्यांनी राखले. तिन्ही वेळी समोर पाकिस्तान होता, आणि त्या तीन सामन्यांत मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला. १९५६ व १९६४ साली भारत १–० असा जिंकला. १९६० साली त्याच फरकाने हरला. पुढे १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. आता हे शंकर लक्ष्मण कोणाचे? इंदूरकर म्हणतील आमचे, बेळगावकर म्हणतील आमचे, आणि सारा देश म्हणेल आमचे. यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नाही. सेनादलाची रेल्वेशी गाठ पडे तेव्हा प्रेक्षक एका बाजूचे होत. पण त्याच दोन संघांतील खेळाडू पुढे एका पोशाखात ऑलिंपिकला निघाले, की कालचे प्रतिस्पर्धी आपोआप आपले होत. म्हणजे एकाहून अधिक संघांवर प्रेम करण्याचे शिक्षण आपल्याकडील हॉकीप्रेमी मनुष्याला घरातच मिळत होते.

येथवर वाट सोपी आहे, कारण लहान निष्ठा मोठ्या निष्ठेत सामावून जाते. कठीण प्रसंग येतो तो दोन देशांच्या बाबतीत. १९४७ च्या फाळणीने भूमीची वाटणी केली, तशी हॉकीच्या संघाचीही केली. अली दारा हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारताकडून खेळले. अंतिम सामन्यात जर्मनीचा ८–१ असा पराभव झाला, त्यात दारा यांचेही गोल होते. बाराच वर्षांनी, १९४८ साली लंडन येथे, तेच दारा पाकिस्तानचे कर्णधार म्हणून मैदानात उतरले. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन या दोघांची कथा तर याहून विलक्षण. १९४८ साली भारताच्या विजयी संघात त्यांना सुवर्णपदक मिळाले. १९५६ साली पाकिस्तानच्या संघात त्यांना रौप्यपदक मिळाले, आणि तेही भारताविरुद्धचा अंतिम सामना हरल्यामुळे. ज्या प्रेक्षकाने १९४८ साली त्यांच्या खेळावर जीव लावला, त्याने १९५६ साली तो जीव कसा परत घ्यावा? त्याने भारताचा विजय इच्छिला असेल, तो योग्यच. पण त्या दोघांच्या खेळाचे कौतुक त्याच्या मनातून पुसले गेले असेल, असे वाटत नाही.

आम्हा गोमंतकीयांना मात्र याहून जवळचे एक उदाहरण आहे, आणि आजच्या पिढीला ते फारसे ठाऊक नसल्यामुळे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. ते उदाहरण केनियाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून आत आगगाडीचा मार्ग घातला. त्या कामासाठी पंजाबातून मजूर व कारागीर गेले. पाठोपाठ सरकारी कचेऱ्यांत व रेल्वेत कारकुनी करण्यासाठी, आणि शिंपी, आचारी व शिक्षक म्हणूनही, गोव्यातून शेकडो कुटुंबे आफ्रिकेस गेली. जाताना माणसे आपली भाषा, आपले सण आणि आपले खेळ बरोबर नेतात. नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट, गोवन जिमखाना, रेल्वे गोवन इन्स्टिट्यूट असे गोमंतकीयांचे क्लब निघाले, तर शिखांचे सिख युनियन निघाले. या क्लबांत हॉकीचे सामने अटीतटीने होत. आणि देशाचा संघ निवडण्याची वेळ आली, की हेच प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून केनियाकडून खेळत.

१९५६ साली मेलबर्न येथे केनियाचा हॉकी संघ प्रथम ऑलिंपिकमध्ये दिसला आणि १९७२ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकला तो हजर राहिला. १९६४ साली टोकियोत त्याने सहावा क्रमांक पटकाविला. त्या काळच्या संघात आलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस, एडगर फर्नांडिस, सिलू फर्नांडिस ही आपल्याकडची नावे होती, आणि त्यांच्याबरोबर चार ऑलिंपिक खेळलेले अवतारसिंग सोहल होते. त्याच १९६४ साली भारताच्या दौऱ्यावर आलेल्या केनियाने जबलपूर येथे भारतावर ३–० अशी मात केली. जो भारत त्याच वर्षी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणार होता, त्याला या संघाने हरविले होते!

आता त्या काळी गोव्यातील एखाद्या घरात बसून वर्तमानपत्रे वाचणाऱ्या हॉकीप्रेमी मनुष्याची कल्पना करा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तोवर येथे पोर्तुगीजांचे राज्य होते. म्हणजे १९५६ व १९६० साली कागदोपत्री ना भारत त्याचा, ना केनिया त्याचा. परंतु एका संघात त्याच्या भूमीचे भाग्य खेळत होते, आणि दुसऱ्यात त्याच्या गावचा, वाड्यावरचा, कदाचित नात्यातला मुलगा खेळत होता. त्याने दोन्ही संघांवर प्रेम केले असेल, तर त्याला चंचल कोण म्हणेल?

१९७१ साली बार्सिलोनाला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा या दुहेरी प्रेमाची खरी परीक्षा झाली. उपांत्य सामन्यात भारत पाकिस्तानकडून हरला आणि केनिया स्पेनकडून. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकासाठी भारत आणि केनिया हेच समोरासमोर आले. भारताने २–१ असा विजय मिळविला. केनिया चौथा राहिला. अशा दिवशी दोन संघांच्या भक्ताला पूर्ण आनंदही होत नाही आणि पूर्ण दुःखही होत नाही. लोकांना वाटते, हा मनुष्य सुखी. कोणीही जिंको, याचाच विजय! वस्तुस्थिती उलट आहे. कोणीही हरो, पराभव त्याचाच असतो.

पुढच्याच वर्षी याहून कठोर प्रसंग आला. १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आपल्या देशातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघून जाण्याचा हुकूम दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिक ऑलिंपिक सुरू झाले. युगांडाच्या हॉकी संघात गोमंतकीय आणि शीख खेळाडूंचा मोठा भरणा होता. ज्या देशाने त्यांच्या समाजाला घर सोडण्याची नोटीस दिली, त्याच देशाचा पोशाख अंगावर चढवून ते खेळले; आणि शेवटी सुवर्णपदक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीशी त्यांनी १–१ अशी बरोबरी साधली. ‘तू नक्की कोणाचा?’ हा प्रश्न किती निर्दय असू शकतो, हे येथे दिसते. देशाने नाकारले म्हणून खेळाडूंनी खेळ टाकला नाही. मग त्यांच्यावर दुरून प्रेम करणाऱ्यांनी तरी ते का टाकावे?

केनियातील पुष्कळ आशियाई कुटुंबेही त्या सुमारास ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या वाटेला लागली आणि त्या देशाच्या हॉकीचे जुने वैभव ओसरले. माणसांच्या अशा स्थलांतराचे दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचेच आहे. भारतातून तेथे गेलेल्या पिअर्स कुटुंबातील पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून ऑलिंपिक हॉकी खेळले. त्यांतील एरिक यांचा जन्म जबलपूरचा. आणि १९६८ साली मेक्सिकोत उपांत्य सामन्यात भारताला २–१ असे हरविणारा संघ ऑस्ट्रेलियाचाच होता.

आजही ही गुंतागुंत संपलेली नाही. गोन्झालो पेयात हा खेळाडू २०१६ साली अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक विजेता झाला आणि २०२३ साली ओडिशात जर्मनीकडून विश्वविजेता झाला. २०२४ साली पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला ३–२ असे हरविले, तेव्हा एक गोल त्याचाच होता. पुढे पुन्हा सुरू झालेल्या भारतीय हॉकी लीगमध्ये तोच हैदराबादच्या संघात आला आणि ज्यांनी ऑगस्टात त्याच्या गोलामुळे हळहळ केली, त्यांतील कित्येकांनी हिवाळ्यात त्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या.

या उदाहरणांवरून संघावरील प्रेमाची तीन मुळे स्पष्ट होतात. पहिले मूळ भूमीचे, दुसरे आप्तसंबंधाचे, आणि तिसरे खेळाच्या रीतीचे. भारत, पाकिस्तान आणि जुना केनिया या तिघांची रीत मुळात एकच होती. चेंडू काठीला चिकटल्यासारखा खेळवीत नेणे, आखूड पास देणे, मनगटाच्या हलक्या हालचालीने प्रतिस्पर्ध्याला चकविणे, ही ती रीत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून गवताऐवजी कृत्रिम मैदान आले, वेग आणि शक्ती यांना महत्त्व चढले, आणि त्या रीतीला उतरती कळा लागली. ज्याचे मन त्या रीतीवर जडले, त्याला ती जेथे दिसेल तेथे आनंद होणारच. भूमी, आप्त आणि रीत ही तिन्ही मुळे एकाच संघात रुजतील, असा नियम नाही.

असे असले, तरी एक सावधगिरी आवश्यक आहे. पुष्कळ संघांचा भक्त आणि विजेत्याचा भाट यांत फरक केला पाहिजे. जो यंदा जिंकेल त्याचा जयजयकार करणारा मनुष्य कोणाचाच भक्त नसतो. खऱ्या भक्ताची ओळख पटते ती पडत्या काळात. १९२८ ते १९५६ पर्यंत सलग सहा सुवर्णपदके जिंकणारा भारत २००८ साली ऑलिंपिकला पात्रही ठरला नाही, आणि २०१२ साली लंडनला बारा संघांत बारावा आला. त्या वर्षांत जे भारताबरोबर राहिले, त्यांनाच २०२१ साली टोकियोत, एकेचाळीस वर्षांनी मिळालेल्या पदकाचे मोल खऱ्या अर्थाने कळले. केनियाचे नाव आज मोठ्या स्पर्धांत ऐकू येत नाही. पण त्याच्या जुन्या संघाची आठवण ज्या घरांत आदराने काढली जाते, त्या घरांची भक्ती पातळ म्हणता येणार नाही. आवडते संघ किती, यावर भक्ती मोजू नये. हरलेल्या संघाजवळ आपण किती काळ उभे राहतो, यावर ती मोजावी.

आणि दोन्ही आवडते संघ समोरासमोर आले तर? तर सामना सुरू होण्यापूर्वीच आपल्या मनाशी प्रामाणिक असावे. कोणाचा विजय आपणास हवा, हे ठरवून ठेवावे व ते लपवू नये. निकाल लागल्यावर बाजू बदलू नये. पंचाचा निर्णय एका संघाला ज्या मापाने मोजला, त्याच मापाने दुसऱ्यालाही मोजावा. या बाबतीत दोन संघांच्या भक्ताला एक मोठा लाभ असतो: प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू, हा समज त्याच्या मनात मूळच धरू शकत नाही, कारण समोरच्या बाजूलाही त्याची माणसे असतात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठीत शिकतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबेही घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा आपुलकीने बोलतात. दोन्ही भाषांवर मनापासून प्रेम करणाऱ्याला एकीशी बेइमानी करावी लागत नाही. दोहोंकडे लक्ष मात्र पुरवावे लागते, दोहोंचे ऋण मानावे लागते. संघांचेही तसेच आहे. म्हणीतला पाहुणा उपाशी राहतो, कारण तो दोन्ही घरी पाहुणाच असतो. जो दोन्ही घरचा होऊन राहतो, चांगल्या दिवसांत पंगतीला बसतो आणि वाईट दिवसांत चुलीपाशी हातभार लावतो, त्याचे पान दोन्हीकडे वाढलेले असते.