आपला पडदा, आपले भांडार : होम थिएटर पीसी घ्यावा की स्ट्रीमर?

शहरी घराच्या दिवाणखान्यात आज दोन काळ शेजारी शेजारी नांदत असतात. भिंतीवर त्रेचाळीस किंवा पंचावन्न इंचांचा सपाट दूरचित्रवाणी संच असतो आणि त्यावर जगभरातील चित्रपट एका बटणासरशी उमटतात. त्याच खोलीतील कपाटाच्या वरच्या फळीवर मात्र लग्नाच्या व्हीसीडी, मुंजीची व्हीएचएस कॅसेट आणि मुलांच्या पहिल्या पावलांची मिनी-डीव्ही टेप धूळ खात पडलेली असते. ती पाहायची म्हटली तर प्लेअर नाही आणि असलाच तर तो नव्या संचाला जोडण्याची सोय नाही. जपानच्या फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हा ते करणारी ती शेवटची ज्ञात कंपनी होती. फीत आणि तबकडी यांचे आयुष्यही मर्यादित असते. त्यामुळे संचाला कोणते यंत्र जोडावे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. घरातील स्मृतींचे पुढे काय होणार, हेही त्यावर बरेचसे अवलंबून आहे.

दोन वाटा

स्ट्रीमर म्हणजे संचाच्या मागे एचडीएमआय खाचेत बसणारी काडी किंवा तळहाताएवढी पेटी. इंटरनेटवरून येणारे चित्र व ध्वनी उलगडून पडद्यावर दाखवणे, एवढेच तिचे काम. गुगलचे क्रोमकास्ट २०१३ मध्ये आले, अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये विक्रीस आली. गुगलने २०२४ मध्ये क्रोमकास्ट बंद करून त्याजागी गुगल टीव्ही स्ट्रीमर आणला. अ‍ॅपल टीव्ही याच वर्गातील महागडे भावंड. आजच्या बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये अशी व्यवस्था अंतर्भूत असते.

होम थिएटर पीसी हा त्याहून जुना विचार. साधा संगणकच, पण कळफलकाऐवजी रिमोटने चालणारा आणि टेबलाऐवजी संचाखाली ठेवलेला. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती याच हेतूने काढली होती. विंडोज १० आले तेव्हा, २०१५ मध्ये, ती सोय वगळण्यात आली. दुसरीकडे एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिलेली एक्सबीएमसी ही मुक्त आज्ञावली वाढत गेली. २०१४ पासून ती ‘कोडी’ या नावाने ओळखली जाते आणि आजही विनामूल्य मिळते.

स्ट्रीमरची बाजू

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांसारख्या सेवा पाहणे हा मुख्य हेतू असेल, तर स्ट्रीमरच घ्यावा. यामागे तांत्रिक कारण आहे. या सेवा आपले चित्र कुलूपबंद करून पाठवतात. ते कुलूप यंत्राच्या चिपमधील सुरक्षित कप्प्यात उघडले जाते की साध्या सॉफ्टवेअरमध्ये, यावर चित्राचा दर्जा ठरतो. अँड्रॉइड उपकरणांत या व्यवस्थेला वाइडवाइन म्हणतात. तिच्या ‘एल १’ पातळीवर उच्च दर्जा मिळतो, तर ‘एल ३’ पातळीवर अनेक सेवा डीव्हीडीच्या तोडीचेच चित्र देतात. नामांकित स्ट्रीमर एल १ असतात. संगणकावर मात्र ब्राउझर, प्रोसेसर आणि पडदा या तिघांनी अटी पूर्ण केल्या तरच फोर-के चित्र मिळते. महागडा संगणक घेऊनही चित्र पुसट दिसते, याचे रहस्य बहुधा इथेच असते.

इंटरनेटच्या वेगाची गरज अनेकांना वाटते तेवढी मोठी नाही. नेटफ्लिक्सची शिफारस पूर्ण एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट अशी आहे. फोर-के पाहताना तासाला सुमारे ७ जीबी डेटा खर्च होऊ शकतो. मोबाइलच्या जोडणीवर संच चालवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्र एव्ही-१ हे नवे संकुचन उलगडू शकते का, त्याला लॅन वायर जोडता येते का आणि निर्माता किती वर्षे सुरक्षा-सुधारणा देतो. तिसरा मुद्दा दुर्लक्षिला जातो आणि तोच पुढे महाग पडतो. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकाएकी रुसून बसली. यंत्रात बिघाड नव्हता, त्यांच्या ओळखीसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. तथापि आपल्या घरातील यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

सेवांचेही तसेच. वूट २०१६ मध्ये सुरू झाले, २०२३ मध्ये जिओसिनेमात विलीन झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झाले. अशा उलथापालथीत आपली यादी आणि आवडीचा एखादा कार्यक्रम टिकेलच याची हमी नसते. वर्गणी हे भाडे आहे, मालकी नव्हे.

स्वस्त पेट्यांपासून सावध

बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत अनोळखी नावांच्या ‘अँड्रॉइड बॉक्स’ची रेलचेल असते. ‘सर्व वाहिन्या मोफत’ अशी त्यांची जाहिरात असते. यांपैकी अनेकांत गुगलची मान्यता असलेली अँड्रॉइड टीव्ही प्रणाली नसते, मुक्त अँड्रॉइडची कशीबशी बसवलेली आवृत्ती असते. अशा काही पेट्यांमध्ये कारखान्यातून निघतानाच घातक आज्ञावली दडवलेली आढळली. ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला. पुढच्याच महिन्यात गुगलने त्या जाळ्याच्या चालकांविरुद्ध न्यायालयात दावा लावला आणि बाधित यंत्रांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे सांगितले. अशी पेटी घरच्या वाय-फायवर आली की तिच्या आडून परके लोक आपल्या जोडणीचा वापर करू शकतात. ज्या वाय-फायवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यावर अशा पाहुण्याला जागा देणे शहाणपणाचे नाही. अँड्रॉइड टीव्हीसाठी मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी गुगल प्रसिद्ध करते. खरेदीपूर्वी ती पाहावी.

पीसी कोणी घ्यावा?

ज्यांच्याकडे स्वतःचे भांडार आहे, म्हणजे घरच्या चित्रफिती, विकत घेतलेल्या डीव्हीडी, वर्षानुवर्षांची छायाचित्रे, ध्वनिमुद्रित मैफली, त्यांच्यासाठी पीसी हे उत्तम साधन ठरते. इंटरनेट बंद असले तरी तो चालतो आणि त्यावर काय ठेवायचे हे आपणच ठरवतो.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. इंटेलचा एन-१०० हा २०२३ मधील प्रोसेसर असलेला छोटा पीसी पुरेसा होतो. त्याची रेखित वीजमर्यादा अवघी ६ वॉट असून एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही-१ ही तिन्ही संकुचने तो चिपमध्येच उलगडतो. हे महत्त्वाचे अशासाठी की चिपमध्ये सोय नसेल तर सारे ओझे प्रोसेसरवर येते, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. सोबत ८ जीबी रॅम, प्रणालीसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि भांडारासाठी वेगळी हार्ड डिस्क असावी.

घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर तो वापरावा का? विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे पुष्कळ धडधाकट संगणक अडगळीत गेले आहेत. त्यांवर लिनक्स बसवून हे काम उत्तम होते. मात्र विजेचा हिशेब करावा. सरासरी ६० वॉट खेचणारा जुना संगणक चोवीस तास चालू ठेवला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट जळतात. १० वॉटचा छोटा पीसी तेवढ्याच वेळात ८८ युनिट घेतो. जुना संगणक ठेवायचा तर पाहणे झाल्यावर तो बंद करण्याची सवय लावावी.

सॉफ्टवेअरमध्ये दोन रचना प्रचलित आहेत. एकाच संचावर पाहायचे असेल तर कोडी पुरे. अनेक खोल्यांतील संच, फोन आणि टॅब्लेट यांवर तेच भांडार हवे असेल तर जेलीफिन हा मुक्त सर्व्हर पीसीवर बसवावा. तो २०१८ च्या अखेरीस एम्बी या प्रकल्पातून फुटून निघाला. मग प्रत्येक संचावर साध्या स्ट्रीमरमधील जेलीफिन अ‍ॅप पुरते. बहुतेक कुटुंबांना हाच संयोग सोयीचा पडतो : सेवांसाठी स्ट्रीमर, आणि भांडारासाठी कोपऱ्यात मुकाट्याने चालणारा छोटा पीसी.

जोडणीतील बारकावे

यंत्र चांगले असूनही चित्र मनासारखे दिसत नाही, याला बहुधा मांडणी कारणीभूत असते.

पहिली बाब गतीची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, आपल्याकडील पाल पद्धतीच्या व्हीसीडी व डीव्हीडी २५ चौकटींच्या असतात. यंत्र मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा करते. २४ किंवा २५ यांनी ६० ला नि:शेष भाग जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा सरकताना चित्र धक्के खाते. कोडीमध्ये चित्रफितीनुसार पडद्याची गती बदलण्याचा पर्याय असतो. तो चालू करावा.

दुसरी बाब आकाराची. जुन्या चित्रफिती ४:३ या प्रमाणात असतात. संच त्या ओढून १६:९ करतो आणि बोहल्यावरची सडपातळ मंडळी अकारण लठ्ठ दिसतात. संचाच्या चित्र-मांडणीत मूळ प्रमाण राखावे. पीसीच्या पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर ‘ओव्हरस्कॅन’ बंद करावे.

तिसरी बाब ध्वनीची. साउंडबार असेल तर तो संचाच्या ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असे लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच जोडावा. इतर खाचांतून संचाचा ध्वनी बाहेर येत नाही.

चौथी बाब जाळ्याची. सिमेंटच्या भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय लवकर क्षीण होते. २.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचते, पण मोठ्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरांशी त्याची गर्दी होते. शक्य असेल तिथे राउटरपासून लॅन वायर ओढावी. घराला रंग काढताना हे काम सहज होऊन जाते.

फितींचे संगणकावर आगमन

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. व्हीसीडीपासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. तबकडीतील ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमधील ‘डीएटी’ फाइल संगणकावर उतरवली की व्हीएलसीसारख्या प्लेअरवर ती लगेच चालते. एका तबकडीला साधारण ७०० ते ८०० एमबी जागा लागते. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा हजाराहून अधिक तबकड्या मावतात. काही तबकड्यांवरील थर खराब झालेला असतो. त्या वाचताना अडल्या तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहाव्यात.

व्हीएचएससाठी चालू स्थितीतला व्हीसीआर आणि चित्र टिपणारे यूएसबी उपकरण लागते. मिनी-डीव्हीसाठी मूळ कॅमेरा आणि फायरवायर खाच असलेला संगणक हवा, तीही आता नव्या संगणकांत नसते. तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते. एक खबरदारी घ्यावी. या फितींतील चित्र एकाआड एक रेषांनी बनलेले असते. ते सपाट पडद्यावर तसेच दाखवले तर हालचालीच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. टिपताना मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी आणि रेषा जुळवण्याचे काम पाहताना प्लेअरकडून करून घ्यावे. आज केलेला बदल उद्या परतवता येत नाही.

फाइलींना नावे देताना वर्ष आधी लिहावे : ‘१९९४ – मुंज – नाशिक’. अशा चित्रफितींची माहिती इंटरनेटवर कुठेच नसते, त्यामुळे कोडी किंवा जेलीफिन त्यांना भलत्याच चित्रपटाची नावे चिकटवतात. जेलीफिनमध्ये ‘होम व्हिडिओज’ हा प्रकार निवडला की हा घोळ होत नाही. कोण कोण दिसते आहे, हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आज आहेत, तोवर तपशील लिहून घ्यावा. चेहरे यंत्राला कदाचित ओळखता येतील, मात्र नाती घरातल्यांनीच सांगावी लागतात.

शेवटचा नियम प्रतींचा. हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. म्हणून तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, भावंडांकडे किंवा ऑनलाइन साठवणीत. पीसीला छोटा यूपीएस जोडावा, म्हणजे वीज गेल्याने लिहिणे अर्धवट राहून फाइली बिघडणार नाहीत.

निवड कशी करावी?

केवळ मालिका-चित्रपट पाहणाऱ्यांनी नामांकित स्ट्रीमर घेऊन स्वस्थ व्हावे. फितींचे गाठोडे असलेल्यांनी त्यात एका छोट्या पीसीची भर घालावी. कोणतीही मांडणी केली तरी तिची एक कसोटी सर्वांना लागू आहे. ती उभी करणारी व्यक्ती गावाला गेली असताना घरातील आजी-आजोबांना एकाच रिमोटने हवे ते लावता आले पाहिजे. त्यासाठी मुख्य पानावर चारच चित्रे ठेवावीत आणि बाकीचे सारे लपवावे.