बाळंतपण एकट्या डॉक्टरचे नव्हे

पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. मात्र या तालुक्यांतील अनेक ठाकूर-कातकरी वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. तेथे कळा सुरू झाल्याचा पहिला निरोप सहसा डॉक्टरला नव्हे, तर आशा कार्यकर्तीला जातो. तेथून प्रसूतिगृहापर्यंत ही माता चार-पाच जणांच्या हाती सोपविली जाते. प्रत्येक जण आपल्या कामात कुशल असला, तरी दोघांमधला निरोप तुटला की धोका उद्भवतो.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात हे विशेष जाणवते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही, तर हाती फार थोडा वेळ उरतो. म्हणून बाळ जन्मताच मिनिटभरात परिचारिका ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देते. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. कोकणच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रिजकडे लक्ष देणारा औषधनिर्माताही त्यामुळे या बाळंतपणात सहभागी असतो. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिकेतील ८० रुग्णालयांतील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध नव्हते. रक्त अंदाजाने न पाहता खुणा असलेल्या पिशवीत मोजायचे आणि प्रमाण वाढताच मालिश, औषधे व सलाइन हे उपचार एकामागून एक न करता एकत्र सुरू करायचे, एवढाच बदल होता. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

रक्तक्षयी मातेला मात्र कमी रक्तस्रावही झेपत नाही. तिचे हिमोग्लोबिन आरोग्यसेविकेने नोंदवलेले असते. परंतु पहिलटकरीण माहेरी येते आणि नोंद सासरच्या उपकेंद्रात राहते. ती माहिती देणारे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असणे म्हणूनच महत्त्वाचे.

प्रकृती गुंतागुंतीची झाल्यास अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण गाडी निघण्यापूर्वी रक्तगट, दिलेली औषधे व त्यांची वेळ दूरध्वनीने कळवली, तरच तेथे रक्त आणि भूलतज्ज्ञ वेळेत सज्ज ठेवता येतात. केवळ चिठ्ठी पाठवली, तर ती रुग्णासोबतच पोहोचते.

बाळंतीण घरी परतल्यावर आशाची पहिली भेट तिसऱ्या दिवशी अपेक्षित असते. बाळंतीण सासरी गेली की माहेरी, हे रुग्णालयातून तिला आधी कळायला हवे.