काच धुण्याचा छोटा पंप बंद पडला? नवा घेण्याआधी तारा तपासा

मागच्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजानंतर एक ओळखीचा मुलगा दोन पंप पिशवीत घालून आमच्याकडे आला. ऐरोली, महापे, बेलापूर या पट्ट्यातल्या काचेच्या इमारती धुण्याचं काम तो रोजावर घेतो. "चाचा, दोन्ही खलास. जुना गेला म्हणून नवा घेतला, तोही पाणी फेकत नाही." नव्या पंपासाठी बाराशे रुपये गेले होते, त्या दिवसाचा रोज बुडाला होता आणि दुसऱ्या दिवशीचं कामही हातचं जाईल अशी धास्ती होती.

आम्ही दोन्ही पंप आखूड तारेने सरळ बॅटरीला लावून पाहिले. दोन्ही मस्त चालले. मग पंप मेला कुठे होता? तो बॅटरी टेम्पोत ठेवायचा, पंप पाण्याच्या ड्रमजवळ, आणि दोघांच्या मध्ये दहा मीटर पातळ दोनपदरी वायर, घरातल्या बल्बला लावतात तसली. सगळा घोळ त्या वायरीत होता.

नवी मुंबईत आपली कितीतरी मुलं हाउसकीपिंग, काचसफाई, गाड्या धुणं, टाक्या साफ करणं या कामांत आहेत. त्यांच्या हातात हाच छोटा 12 व्होल्टचा डायफ्राम पंप असतो. पाठीवरच्या फवारणी पंपात तोच बसवलेला असतो, त्यामुळे गावी भाजीपाल्यावर किंवा कापसावर फवारणी करणाऱ्या नातेवाइकांनाही हे सगळं लागू पडेल. आमचं म्हणणं इतकंच, की असा पंप थांबला तर बहुतेक वेळा पंप शाबूत असतो. बॅटरीतून निघालेली वीज वाटेत कुठेतरी खर्च होते आणि मोटारीपर्यंत पोचत नाही. चालू वस्तू भंगारात टाकून नवी घेणं म्हणजे इस्राफ, आणि रोजावर काम करणाऱ्याला तो परवडतही नाही.

आधी सरळ जोडून बघा

वाटेतलं बटण, रेग्युलेटर, लांब वायर सगळं बाजूला ठेवा. एक हात लांबीच्या जाड तारेने, मध्ये फ्यूज ठेवून, पंप चार्ज केलेल्या बॅटरीला जोडा. पंप जोरात चालला तर तो ठीक आहे, दोष वाटेत आहे. नाही चालला तर पंपाकडे किंवा बॅटरीकडे वळायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत कोणी करत नाही, आणि दुकानदारही "नवाच घ्या" म्हणून मोकळा होतो.

पुढच्या तपासणीला मल्टीमीटर लागतो. तीन-चारशे रुपयांत साधा मिळतो आणि चार जणांच्या टोळीत एक पुरतो. डायल डीसी 20 व्होल्टवर ठेवायची. लाल टोक प्लसला, काळं मायनसला.

बॅटरी: आरामातला आकडा फसवतो

आपल्याकडे ज्याला 'ड्राय बॅटरी' म्हणतात ती सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर चार्जर काढून तासाभराने 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 11.8 किंवा खाली म्हणजे रिकामी. पण हे सगळे आकडे आरामातले. थकलेली बॅटरीही बसल्या बसल्या 12.6 दाखवते आणि पंप लावला की धापकन खाली येते. म्हणून पंप चालू असतानाच बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. भरलेली बॅटरी चालत्या पंपाखाली 11 च्या खाली घसरत असेल, तर तिचा दम संपला असं समजा.

अशा बॅटऱ्या आपल्याकडे का मरतात? वापराने कमी, पडून राहिल्याने जास्त. जूनपासून पाऊस लागला की बाहेरच्या काचांचं काम मंदावतं. शेवटच्या दिवशी रिकामी झालेली बॅटरी तशीच कोपऱ्यात जाते आणि सप्टेंबरात बाहेर निघते. लेड-ॲसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जर कितीही वेळ लावा, ती धरत नाही. ईदला महिनाभर गावी जातानाही तेच होतं. जाण्याआधी पूर्ण चार्ज करायची, आणि पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुन्हा.

नव्या पंपांत काही ठिकाणी लिथियम बॅटरी येते. तिला लेड-ॲसिडचा चार्जर लावू नका, तिचा स्वतःचाच लावा. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जच करू नये. आणि कोणतीही बॅटरी मुलं झोपतात त्या खोलीत रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे. मग संध्याकाळी सगळे जागे असताना, मोकळ्या जागेत, पांघरुणापासून लांब लावा.

वाटेत वीज कुठे जाते

आता त्या मुलाच्या वायरीकडे येऊ. प्रत्येक तार थोडा विरोध करते. पातळ आणि लांब तार जास्त. घरातल्या 230 व्होल्टमधून तीन व्होल्ट गेले तर कोणाला कळतही नाही. 12 मधून तीन गेले म्हणजे चौथा हिस्सा गेला.

त्याचा पंप साधारण 5 अँपिअर घ्यायचा. दहा मीटर अंतर म्हणजे जाणं-येणं मिळून वीस मीटर तार. 0.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत इतक्या अंतरावर जवळपास साडेतीन व्होल्ट जातात. 1 चौरस मिलिमीटरची तार असेल तर पावणेदोनच्या आसपास, 2.5 ची असेल तर पाऊण व्होल्ट. मीटरने तेच दाखवलं: बॅटरीवर 12.1, पंपाच्या तोंडाशी 8.6. इतक्या कमी व्होल्टवर मोटार फिरते, आवाजही येतो, पण वरच्या मजल्याच्या काचेपर्यंत पाणी जात नाही. नवा पंप आणूनही फरक पडला नाही तो यामुळेच.

वायर घेताना अजून एक काळजी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते. टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ती ॲल्युमिनियमची. तितक्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिच्यात जास्त वीज वाया जाते.

याहून चांगला उपाय म्हणजे बॅटरी पंपाजवळ ठेवायची आणि लांबी वायरीऐवजी पाण्याच्या पाइपाला द्यायची. पाइपातही थोडं प्रेशर जातं, पण वायरीइतकी पंचाईत होत नाही.

लांब वायर नसेल आणि तरी पंप मंद असेल तर मीटर घेऊन पायरी पायरीने पुढे जा. पंप चालू ठेवायचा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला, आणि लाल टोकाने क्रमाने बघायचं: बॅटरीचा प्लस, फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, बटणाच्या अलीकडे-पलीकडे, मग पंपाचा लाल पदर. जिथे आकडा एकदम पडतो तिथे चोर. मायनसची बाजूही अशीच बघायची. काळी तार कोणी तपासत नाही आणि निम्म्या वेळा गंजलेला जोड तिथेच सापडतो.

गंज हा तर आपल्या शहराचा जुना पाहुणा. एका बाजूला ठाणे खाडी, चार महिने पाऊस, वर कामाचं पाणी. वाशी, नेरुळ, सीवूड्सला खाडीलगत काम करणाऱ्यांच्या क्लिपा हिरव्या पडलेल्या दिसतात. तो हिरवा थर वीज अडवतो. पॉलिशपेपरने घासा, तारेला नीट थिंबल दाबून बसवा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. दोन तारा पिळून टेप गुंडाळणं म्हणजे आठवड्याभराची सोय. टेपच्या आत पाणी शिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

फवारणी पंपाच्या बाजूला फिरवायचा रेग्युलेटर असतो, तोही वरचेवर जातो. तो वगळून पंप चालला तर फक्त रेग्युलेटर बदला. स्पीड कंट्रोलर असेल आणि भरलेल्या बॅटरीवरही तो 'बॅटरी लो' दाखवत असेल, तर कंट्रोलरला दोष देण्याआधी बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची वायर आणि जोड बघा. आणि कंट्रोलरला प्लस-मायनस उलटं लावू नका, क्षणात जळतो.

फ्यूज उडतो म्हणून तार बांधू नका

ही सवय आम्हाला फार ठिकाणी दिसते. फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्यांदा तिथे तांब्याची तार नाही तर चॉकलेटची चांदी. बारा व्होल्टने काय होणार? झटका बसत नाही हे खरं. पण शॉर्ट झाला तर ही छोटी बॅटरी क्षणात शंभर अँपिअरहून जास्त सोडू शकते. वायर लाल होते, आवरण पेटतं, आणि ते सगळं तुमच्या पाठीवर बांधलेलं असतं.

पंपावरच्या लेबलवर जास्तीत जास्त अँपिअर लिहिलेले असतात, फ्यूज त्याच्या जरा वरचा. 5 अँपिअरच्या पंपाला साडेसातचा पुरतो. गाडीतल्या पात्याच्या फ्यूजमध्ये साडेसातचा तपकिरी, 10 चा लाल, 15 चा निळा. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच बसवायचा, पंपाजवळ नाही, नाहीतर मधली वायर उघडीच राहते.

योग्य फ्यूजही उडत असेल तर पंप अडकतोय किंवा तार कुठेतरी सोललेली आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या पंपात क्षार बसतात, मोटारीवर जोर येतो, अँपिअर चढतात. लिंबूसत्त्वाचं पाणी थोडा वेळ फिरवून साध्या पाण्याने धुतलं की बऱ्याचदा पंप मोकळा होतो.

पंपातच दोष असेल तर

सरळ जोडूनही पंप गप्प असेल तर आधी प्रेशर स्विच बघा. पंपाच्या डोक्यावर छोटी डबी असते, तिला दोन पदर जातात. नळी बंद झाली की हा स्विच मोटार थांबवतो. डायफ्राममधून पाणी गळून आतले संपर्क गंजतात. पाण्याची वाट पूर्ण उघडी ठेवून ते दोन पदर दोन-तीन सेकंद एकमेकांना जोडा. मोटार फिरली तर स्विच गेलाय, तो सुटा मिळतो. पदर कायमचे जोडून काम चालवू नका: नोझल बंद केलं तरी पंप दाबत राहील, आणि एकतर पाइप फुटेल नाहीतर मोटार जळेल.

स्विच वगळूनही हालचाल नाही, पण मोटारीच्या पाठीवर हलकं ठोकलं की सुरू होते? कार्बन झिजलेत. काही मोटारींत ते बदलता येतात. स्वस्त पंपात मोटार पूर्ण बंद असते, तिथे खर्च करू नका. मोटारीतून पाणी निथळत असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र नवा पंप घ्यायचा.

पंप सारखा चालू-बंद, चालू-बंद धडधडत असेल तर वीज ठीक आहे. नोझल फार बारीक आहे किंवा जाळी तुंबलीय. आणि मोटार फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा ओढणाऱ्या नळीत हवा शिरतेय का ते बघा.

230 व्होल्टचा पंप असेल तर हे काहीच करू नका

काही टोळ्या घरगुती टुल्लू पंप किंवा प्रेशर वॉशर वापरतात. वर सांगितलेलं उघडून बघणं, पदर जोडून बघणं हे त्यांना लागू नाही. तिथे ओला हात आणि सोललेली वायर एकत्र आली की जीव जातो, दुसरी संधी मिळत नाही. सोसायटीत काम सुरू करण्याआधी वॉचमनला किंवा वायरमनला विचारा, ज्या सॉकेटमधून वीज घेताय त्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का. त्याचं टेस्टचं बटण दाबलं की वीज गेली पाहिजे. नाही गेली तर तिथून पंप चालवू नका. तीन पिनांच्या जागी दोन पिना लावून अर्थिंग तोडू नका. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा, आणि वायर जोडलेली जागा पाण्यात येऊ देऊ नका. पंपाला हात लावताच मुंग्या आल्या तर मुकादम काहीही म्हणो, मेन बंद करा. मालकाने आपला मुलगा त्या पंपावर उभा केला असता का, हे त्यालाही विचारायला हरकत नाही.

घरातल्या आयांना आणि बहिणींना एवढं सांगावंसं वाटतं: मुलगा कामावरून आला की किती मिळाले याच्याबरोबर पंप 12 व्होल्टचा आहे की 230 चा, हेही एकदा विचारा.

त्या मुलाने वायर काढून टाकली, बॅटरी ड्रमजवळ प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि पाइप दहा मीटर वाढवला. जुना पंप अजून चालू आहे. नवा त्याने मेहुण्याला दिला, निम्म्या किमतीत. जुनी मेलेली बॅटरीही घरात पडून होती, ती भंगारवाल्याला न देता बॅटरीच्या दुकानात परत करायला आम्ही सांगितलं: आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून देतो.