प्रसूतीसाठी रुग्णालयाची निवड : नागपूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१९२१ साली नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सहकार्याने मातृसेवा संघाची स्थापना केली, तेव्हा प्रसूतीसाठी स्त्रीने घराबाहेर जावे ही कल्पना समाजाला सहजासहजी मान्य नव्हती. बाळंतपण घरातील अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून व्हावयाचे, हीच सर्वसाधारण रीत होती. त्या काळातील मूलभूत प्रश्न ‘रुग्णालयात जावे की नाही’ हा होता. शंभर वर्षांनंतर या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. २०१८-२० या कालावधीत राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३, तर संपूर्ण देशाचे ९७ इतके होते. ही प्रगती निश्चितच मोठी आहे. परंतु तिच्यामुळेच ‘कोणत्या रुग्णालयात जावे’ हा नवा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहिला आहे.

हा निर्णय सामान्यतः डॉक्टरांचा लौकिक, नातेवाइकांचा अनुभव, घरापासूनचे अंतर, इमारतीची स्वच्छता व खर्च यांच्या आधारे घेतला जातो. हे निकष चुकीचे नाहीत. पण सर्व काही सुरळीत पार पडेल असे गृहीत धरूनच ते उपयोगी पडतात. प्रसूतीत ऐनवेळी गुंतागुंत निर्माण झाल्यास ते रुग्णालय काय करू शकते आणि किती वेळात करू शकते, हा निवडीचा प्रधान निकष असला पाहिजे, हे स्पष्ट करणे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

तीन विलंबांची संकल्पना

सिरीन थॅड्यूस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूच्या संदर्भात ‘तीन विलंब’ ही संकल्पना मांडली. उपचार घेण्याचा निर्णय करण्यास होणारा विलंब हा पहिला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास होणारा दुसरा आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास होणारा तिसरा. ग्रामीण भागाच्या चर्चेत पहिल्या दोन विलंबांवर भर दिला जातो. नागपूरसारख्या शहरात मात्र तिसरा विलंब अधिक विचारात घ्यावा लागतो. स्त्री वेळेत रुग्णालयात पोहोचते. परंतु तेथे रक्त नसते, भूलतज्ज्ञ दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात, किंवा बाळाला हलवावे लागते. अशा वेळी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाण्यात पहिले दोन विलंब नव्याने सुरू होतात.

साधारणतः १५ टक्के गर्भवतींमध्ये गंभीर गुंतागुंत उद्भवते असे मानले जाते. त्यांतील काहींची पूर्वसूचना तपासण्यांमधून मिळते. परंतु प्रसूतीपश्चात होणारा रक्तस्राव पूर्णतः निरोगी स्त्रीलाही होऊ शकतो. उपचार न मिळाल्यास तीव्र रक्तस्रावाने सुमारे दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ‘जोखमीची प्रसूती मोठ्या रुग्णालयात, साधी प्रसूती कोठेही’ ही विभागणी अपुरी ठरते. साधी प्रसूती जेथे करावयाची, त्या संस्थेकडेही पहिल्या दोन तासांची तयारी असणे आवश्यक आहे.

रुग्णालयाची क्षमता ओळखण्याचे निकष

ही तयारी इमारतीवरून वा जाहिरातीवरून कळत नाही. ती विचारूनच जाणून घ्यावी लागते. त्यासाठी पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

१) रक्ताची उपलब्धता : रुग्णालयाची स्वतःची रक्तपेढी आहे काय? नसल्यास कोणत्या रक्तपेढीतून, रात्री दोन वाजता, किती वेळात रक्त येते? ‘रक्त मिळते’ या उत्तराऐवजी वेळेचा आकडा मिळावयास हवा. आरएच निगेटिव्ह रक्तगट असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

२) शस्त्रक्रियेची तयारी : तातडीचे सिझेरियन करण्याचा निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा अवधी शक्यतो ३० मिनिटांच्या आत असावा, असा मापदंड सर्वत्र वापरला जातो. लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात. ते कोठे राहतात आणि एक उपलब्ध नसल्यास पर्यायी तज्ज्ञ कोण, हे आधीच विचारणे गैर नाही.

३) रक्तस्रावाचे मापन : किती रक्त गेले याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी येतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्त मोजण्याची खुणा असलेली पिशवी वापरून ठरावीक उपचार एकाच वेळी सुरू केले असता तीव्र रक्तस्राव व त्याच्या गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यंत्रसामग्रीपेक्षा कार्यपद्धतीचे महत्त्व किती मोठे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४) नवजात शिशूची काळजी : नवजात शिशू अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की बाळाला अन्यत्र न्यावे लागते? मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास बाळाला जन्मानंतर हलविण्यापेक्षा मातेनेच आधी योग्य रुग्णालयात जाणे हितावह ठरते.

५) अग्निसुरक्षा : ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० अर्भकांचा मृत्यू झाला. त्यानंतर तरी अग्निसुरक्षा तपासणी झाली आहे काय, पर्यायी जिना मोकळा आहे काय आणि रात्री शिशूकक्षात कर्मचारी उपस्थित असतात काय, हे प्रश्न अनावश्यक मानता येणार नाहीत.

६) पुढे पाठविण्याची व्यवस्था : आवाक्याबाहेरची स्थिती उद्भवल्यास रुग्ण कोठे पाठविला जातो आणि सोबत कोण जाते? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारे लहान प्रसूतिगृह, ‘तशी वेळच येत नाही’ असे सांगणाऱ्या मोठ्या रुग्णालयापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावे.

नागपुरातील पर्याय

नागपुरात शासकीय पर्याय अनेक आहेत. गांधीबाग परिसरातील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय हे स्त्रियांसाठीचे स्वतंत्र रुग्णालय आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात नागपूरकरांचे ‘मेडिकल’, आणि ‘मेयो’ या नावाने परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे विविध विषयांचे तज्ज्ञ व रक्तपेढी एकाच आवारात उपलब्ध असतात. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची यात अलीकडे भर पडली आहे. हिंगणा मार्गावरील लता मंगेशकर रुग्णालय हे खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. याशिवाय विश्वस्त संस्थांची रुग्णालये आणि वस्तीवस्तीतील खाजगी प्रसूतिगृहे आहेतच.

मेडिकल व मेयो येथे विदर्भातील अन्य जिल्ह्यांतून, तसेच लगतच्या मध्यप्रदेशातूनही गंभीर रुग्ण येतात. त्यामुळे तेथे क्षमता मोठी असली तरी गर्दीही मोठी असते. गर्भवतीला तीव्र रक्तक्षय, हृदयविकार, रक्तदाब, जुळी बाळे, खाली सरकलेली वार किंवा पूर्वीचे सिझेरियन असल्यास ही गर्दी स्वीकारूनही अशा संस्थेची निवड करणे योग्य. जोखीम आढळली नसल्यास उपरोक्त निकष पूर्ण करणारे, घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरील प्रसूतिगृहही पुरेसे ठरू शकते.

विदर्भाचे विशेष प्रश्न

पहिला प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा आहे. विदर्भातील अनेक समाजघटकांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. केवळ वाहक असलेल्या स्त्रीची प्रसूती बहुधा सर्वसामान्यपणे पार पडते. परंतु प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीला गर्भारपणात तीव्र वेदनांचे झटके, संसर्ग व रक्तक्षय यांचा धोका असतो. तिच्यासाठी रक्तपेढी व वैद्यकतज्ज्ञ असलेले रुग्णालय हा पर्याय नसून गरज आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून ही तपासणी दोघांचीही व शक्य तितक्या लवकर व्हावी.

दुसरा प्रश्न माहेरपणाचा आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी येते. तपासण्या पुण्यात वा गोंदियात आणि प्रसूती नागपुरात, अशी स्थिती होते. नव्या डॉक्टरांना आधीचा इतिहास ठाऊक नसतो. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल व रक्तगटाची नोंद सोबत आणणे आणि किमान एक-दोन तपासण्या प्रसूतीच्या रुग्णालयातच करून घेणे, एवढ्याने हा दोष बराच दूर होतो.

तिसरा प्रश्न ऋतूंचा आहे. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे वीज गेल्यावर चालणारे जनित्र ही चैन राहत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले होते. घरापासून रुग्णालयाचा दुसरा मार्ग ठाऊक असणे का आवश्यक आहे, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

खर्च आणि अधिकार

१ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक या सेवा विनामूल्य आहेत आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. खाजगी रुग्णालयात सांगितलेल्या एकत्रित दरात भूलतज्ज्ञ, रक्त व नवजात शिशूचे उपचार समाविष्ट आहेत काय, हे लेखी विचारावे. अनपेक्षित खर्च बहुधा याच तीन बाबींतून उद्भवतो. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे अपेक्षित आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखीव असतात; तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी प्रवेश रोखता येत नाही.

सिझेरियनच्या प्रमाणाचाही येथे विचार करावा लागतो. उपरोक्त सर्वेक्षणानुसार देशात खाजगी संस्थांतील ४७.४ टक्के, तर शासकीय संस्थांतील १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. रुग्णांच्या वयोगटातील व आर्थिक स्तरातील फरक लक्षात घेतला, तरी एवढी तफावत केवळ वैद्यकीय गरजेतून निर्माण होणे संभवत नाही. म्हणून सिझेरियनचा निर्णय कोणत्या कारणांनी घेतला जातो, हे विचारण्याचा गर्भवतीला पूर्ण अधिकार आहे. त्याचप्रमाणे, केंद्र शासनाने २०१६ पासून शासकीय संस्थांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीस परवानगी दिली आहे. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ आपले माणूस असणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, रुग्णालयाची निवड सर्वसामान्य प्रसूतीच्या सोयींवर नव्हे, तर बिघडलेल्या प्रसूतीच्या दोन तासांवर आधारलेली असावी. दुसरा, हा निर्णय सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण व्हावा. मुख्य रुग्णालय, पर्यायी रुग्णालय, मार्ग, वाहन, रक्तदाते व १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावेत. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, निर्णयप्रक्रियेत गर्भवती स्त्री स्वतः सहभागी असावी. अनेक घरांत हा निर्णय सासू, आई वा पती घेतात आणि जिचे बाळंतपण, तिला तो केवळ सांगितला जातो. मध्यरात्री संमतीपत्रावर सही करण्यासाठी वडीलधाऱ्यांची वाट पाहणे हा पहिल्या विलंबाचाच शहरी प्रकार होय.

महाविद्यालयांतील गृहविज्ञान, समाजकार्य व समाजशास्त्र विभागांना, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेला या संदर्भात प्रत्यक्ष कार्य करता येईल. वर्गातील विद्यार्थी व विद्यार्थिनींपैकी अनेकांवर काही वर्षांतच हा निर्णय घेण्याची वेळ येणार आहे. १९२१ मध्ये स्त्रीला प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत आणणे हे समाजकार्य होते. आता त्या दाराशी उभे राहून योग्य प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य तिला देणे, हे शिक्षणाचे कार्य आहे.