उन्हाच्या घड्याळावर बालवाडी

राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा विदर्भातल्या शाळांना अजून कुलूप असतं. इथली घंटा वाजते जूनच्या अखेरीस, कारण ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात तीन-चार वर्षांच्या पोरांना उघड्यावर शिकवा म्हटलं, तर सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात पालावरची भाजीवालीसुद्धा हसेल.

डेन्मार्क-जर्मनीतल्या जंगलशाळांचे व्हिडिओ हल्ली पालकांच्या ग्रुपवर फिरतात. बर्फातही रेनकोट घालून झाडावर चढणारी ती मुलं पाहून आपल्याकडची माणसं हळहळतात आणि कूलरची पाण्याची टाकी भरायला उठतात. तिथे अडथळा हिवाळ्याचा. आपल्याकडे हिवाळा हाच सगळ्यात मोकळा काळ, आणि एप्रिल-मे अवघड. म्हणजे तिकडचं वेळापत्रक उचलून आणण्यात अर्थ नाही. तशी गरजही नाही, कारण हे काम मराठीत फार आधी होऊन गेलं आहे.

ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या, म्हणजे त्या आपल्या वऱ्हाडच्याही. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं येईनात. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी घरासमोरच्या अंगणात वर्ग भरू लागला. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शाळाही गुरांमागे निघाली. तिचं नाव कुरणशाळा.

मला यातली साहित्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. माँटेसरी पद्धतीची लाकडी उपकरणं महाग होती. कोसबाडला त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी घेतली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे मुलाला हातानेच कळायला हवं, आणि त्यासाठी चिंचोका लाकडी ठोकळ्यापेक्षा कुठेच कमी पडत नाही. उलट चिंचोके सगळे सारखे नसतात, त्यामुळे लावालावी करताना डोकं जास्त चालवावं लागतं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. खिचडी पोचली, लसीकरण पोचलं, वजनकाटा पोचला. कुरण मात्र मागेच राहिलं.

आता हेच सक्करदऱ्यात आणून बघू. वस्ती दाट, रस्त्यावर उमरेडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. पण भोसलेकालीन तलाव आहे, बाग आहे, गल्लीत एखादा कडुनिंब नाहीतर मुनग्याचं झाड आहे. तीन वर्षांच्या मुलाला एवढं जंगल पुरतं.

शाळा उघडते ती पावसात. मोकळ्या प्लॉटवर तरोटा उगवलेला असतो. त्याची पानं रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात, हे मुलांनी स्वतः बघायचं. नशीब असेल तर मखमली लाल मिरगाचा किडा दिसतो. डबक्यात होडी सोडायची, पण पाय साबणाने धुवायचे. साचलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर तोही धडाच. वीज कडाडली की मात्र सगळ्यांनी आत, त्यात हौस नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. लाकडी बैल ओढत निघालेलं पोर उतारावर दोरी कशी सैल सोडायची हे न शिकवता शिकतं. नागपूरकरांनी लहान मुलांसाठी अख्खा सण राखून ठेवलाय, आणि बालवाडीच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे फक्त ‘सुटी’ असं लिहिलेलं असतं!

दसऱ्यानंतर भुलाबाईची गाणी. मग संत्री. आंबिया बहार हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चला येतो. एकाच फळाचे दोन हंगाम, दोन चवी. फोडी मोजायच्या, बिया वेगळ्या काढायच्या, सालं वाळवून वास घ्यायचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हुडहुडी भरते, तेव्हा दहाला बाहेर पडून दुपारपर्यंत उन्हात बसता येतं. बोरं, मग चिंचा, मग पळस. पळसाची फुलं भिजत घालून होळीचा रंग करणं हा चार वर्षांच्या मुलाचा पहिला रसायनाचा प्रयोग.

मार्चअखेर घड्याळ बदलायचं. सातला यायचं, साडेआठ-नऊच्या आत बाहेरचं सगळं उरकायचं, डोक्याला दुपट्टा, हाताशी पाणी. कडुनिंबाचा मोहोर तेवढ्या वेळात पुरेसा वेचून होतो. नंतर सावली, माठ आणि गोष्टी.

या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणारे चुकीचं विचारत नाहीत. एका पुराव्याकडे तरी बोट दाखवता येतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तीन वर्षांत लांबचा चष्मा लागण्याचं प्रमाण त्या मुलांत ३०.४ टक्के होतं, इतरांत ३९.५. कारण बहुधा दिवसाचा उजेड. ती मुलं सहा-सात वर्षांची होती, पण मोबाइल तर आता त्याआधीच हातात येतो.

तरी आयांचं म्हणणं असतं, ‘मॅडम, पोराले शिकाले धाडते, मातीत लोयाले नाही.’ कॉन्व्हेंटमध्ये तेवढ्याच वयाची मुलं एबीसीडी गिरवत असतात, त्यामुळे ही भीती खरी आहे. ती भाषणाने जात नाही. पोराने घरी येऊन आपणहून बारा चिंचोके मोजून दाखवले की थोडी कमी होते.

खरी अडचण निराळीच आहे. शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. सेविका एक, मदतनीस एक. सेविका मोबाइलवर माहिती भरत असते, मदतनीस खाऊ वाटत असते. वीस-पंचवीस पोरांना घेऊन रस्ता ओलांडायचा कोणी? युरोपातल्या व्हिडिओत दर पाच-सात मुलांमागे एक मोठं माणूस दिसतं. इथे तेवढे पगार निघणार नाहीत. पण सक्करदऱ्याच्या बागेत रोज सकाळी फिरून बाकांवर बसणारे आजी-आजोबा आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी आपल्याच नातवंडांना अंगणवाडीत सोडून आलेले असतात. आठवड्यातून दोन दिवस पोरांचा हात धरायला त्यांना कुणी बोलावलेलं नाही, एवढंच.