पावसात धबधबा नको, मुलांना दाखवा ही चार ठिकाणं

पावसाची झड लागली, शेतीची कामं थांबली की पोरांचा हट्ट ठरलेला : कुठंतरी फिरायला चला! मग गाडी वळते धबधब्याकडे. धोका तिथंच असतो. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला, तर खाली उघडीप असूनही पाणी काही मिनिटांत वाढतं. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरण परिसरात पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले.

उत्तर महाराष्ट्रात छताखाली बघण्यासारखंही बरंच आहे.

जळगाव : जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ 2012 मध्ये सुरू झालं. गांधीजींचं आयुष्य इथं बघत-ऐकत समजतं.

सिन्नर : गारगोटी संग्रहालय. आपल्याच काळ्या खडकाच्या पोकळीत तयार झालेले रंगीत स्फटिक इथं मांडलेत. विहिरीच्या खोदकामात असे दगड निघतात, ते नेमके काय हे मुलांना इथं कळेल.

अंजनेरी : नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर जुन्या नाण्यांचं संग्रहालय.

धुळे : राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये गेले, त्यानंतर उभी राहिलेली ही संस्था. जुनी हस्तलिखितं इथं जपलेली आहेत.

निघण्याआधी फोन करून वेळ, तिकीट आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. वाटेत फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, मागं फिरा. संग्रहालय पुढच्या रविवारीही तिथंच असणार आहे.