अरण्यांतील पाहुणे

अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत कौंटी नांवाचे विभाग असतात. आपल्याकडील जिल्ह्यांशीं त्यांची तुलना करतां येईल. या कौंट्या लोकांच्या विश्रांतीसाठीं उद्यानें राखतात. उद्यान म्हटलें कीं फुलझाडांचे वाफे व कारंजीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु कॅलिफोर्नियांतील सॅन मटेओ कौंटीचें मेमोरियल पार्क हें खरोखरीचें अरण्य आहे. पेस्काडेरो नांवाची छोटी नदी त्यांतून वाहत जाऊन प्रशांत महासागराला मिळते. तिच्या कांठीं रेडवुड जातीचे प्रचंड वृक्ष उभे आहेत.

रेडवुड हा जगांतील सर्वांत उंच वाढणारा वृक्ष. त्याची उंची तीनशें फुटांच्याही वर जाऊं शकते. त्या प्रदेशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. अशा वेळीं समुद्रावरून येणारें धुकें या वृक्षांच्या पानांवर अडतें आणि थेंबाथेंबानें ठिबकून मुळांना पाणी पुरवितें.

हें अरण्य वांचलें तें एका शिक्षणाधिकाऱ्यामुळें. १९२३ सालीं कौंटीच्या शाळांचे अधिकारी रॉय क्लाउड तेथील एका लहानशा शाळेला भेट देण्यास गेले असतां, सभोंवारचे वृक्ष लवकरच तोडले जाणार असल्याचें त्यांना कळलें. त्यांनीं कौंटीच्या कारभारी मंडळाचें मन वळविलें. १९२४ सालीं उद्यान स्थापन झालें व पहिल्या महायुद्धांत कामीं आलेल्या कौंटीच्या सैनिकांचें स्मारक ठरलें. त्याचें नांव त्यावरूनच पडलें.

अशा अरण्यांत कुटुंबें तंबू ठोकून राहतात, पायवाटांनीं हिंडतात, रात्रीं शेकोटीभोंवतीं बसतात. त्यांना कांहीं नियम पाळावे लागतात. शेकोटी नेमल्या जागींच पेटवावी. अन्न बंद पेटींत ठेवावें. आणि जेवणानंतर अन्नाचा एक कणही मागें राहूं देऊं नये. हा शेवटचा नियम नवख्याला अतिरेकाचा वाटतो. पण त्यामागें एका पक्ष्याचें भवितव्य आहे.

मार्बल्ड म्युरेलेट हा समुद्रपक्षी मासे खाऊन जगतो. अंडें घालण्यासाठीं मात्र तो कित्येक मैल आंत येऊन जुन्या वृक्षाची रुंद, शेवाळलेली फांदी शोधतो. तेथील शेवाळांतल्या खळग्यांत मादी एकच अंडें घालते. उत्तर अमेरिकेंत त्याचें वृक्षावरील घरटें प्रथम आढळलें तें १९७४ सालीं, याच डोंगररांगेंतील बिग बेसिन उद्यानांत. १९९२ सालीं या पक्ष्याला कायद्याचें संरक्षण मिळालें. सांडलेल्या अन्नावर डोमकावळे व जे नांवाचे निळे पक्षी जमतात, आणि मग फांद्या धुंडाळतां धुंडाळतां तें एकुलतें एक अंडें किंवा पिलूं फस्त करतात.

काकबळी घालणें हें आपल्याकडे पुण्य मानतात. त्या अरण्यांत कावळ्याला घातलेला घांस दुसऱ्या पक्ष्याचा वंश बुडवितो. वृक्ष वांचविण्यास एका अधिकाऱ्याची तळमळ पुरी पडली. वृक्षांवरचें जीवन वांचविण्याचें काम मात्र तंबूंतल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातीं आहे. आज कॅलिफोर्नियांत अनेक मराठी कुटुंबें वसलीं आहेत. पंगत उठल्यावर शितें वेंचून घेण्याची घरची जुनी शिस्त त्यांनीं तेथें आठवावी.